छत्तीस अंशांतलं बटरक्रीम

एप्रिल-मेमध्ये पुण्यात कुणी मेरँगचं बटरक्रीम लावलेला केक मागितला, तर दर सांगण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. कार्यक्रम कुठे आहे? आणि तिथला एसी किती वाजता सुरू होतो? नुसत्या ‘एसी आहे हो’ या उत्तरावर मी आता विसंबत नाही.

आमच्या पेठेतल्याच एका मंगल कार्यालयात पहिला वाढदिवस होता. मे महिना, दोन मजली केक. हॉल एसी आहे असं घरच्यांनी सांगितलं होतं आणि तो होताही. पण तिथल्या व्यवस्थापकांचा हिशेब वेगळा होता. पाहुणे आल्याशिवाय एसी लावायचा नाही. केक संध्याकाळी पाचलाच पोचला. सजावटवाल्यांनी तो दिव्यांच्या कमानीखाली मांडला, फोटो छान यावेत म्हणून. सातच्या सुमाराला फोन आला. मी पोचले तेव्हा वरच्या मजल्याच्या कडेची गुलाबं सरकत सरकत खालच्या मजल्यावर आली होती. पाकळ्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या होत्या आणि केक बोर्डवर चक्क वितळलेल्या तुपाचा पिवळा ओघळ होता. तूपच ते, दुसरं काय असणार? बटरमधली चरबी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ती जागा त्याहून गरम होती. क्रीम जमलं होतं, केक सरळ उभा होता, पण चरबीला त्याचं काय?

हे क्रीम करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या बायका आमच्या शनिवार पेठेत, नारायण पेठेत आता पुष्कळ आहेत. वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, स्वयंपाकघरात ओव्हन आले आणि क्लासही गल्लोगल्ली निघाले. क्लासमध्ये कृती मिळते, पण ती थंड देशातून जशीच्या तशी उचललेली असते. ‘बटर रूम टेंपरेचरला असू द्या’, ‘भांडं हाताला गार लागेपर्यंत फेटा’, ‘पाच अंडी घ्या’. मी जिथे शिकले तिथेही असंच होतं. एसीच्या खोलीत बाईंचं क्रीम मखमली होई आणि तीच कृती घरी आणली की पातळ. त्या कृतीत वेळ आणि वाट्या होत्या, अंश नव्हते.

म्हणून आधी अंशांचंच बोलते. मेरँग म्हणजे अंड्यातलं पांढरं आणि साखर यांचा फेस. त्याच्या स्विस प्रकारात दोन्ही एकत्र करून गरम पाण्याच्या पातेल्यावर तापवतात. तापवताना सतत ढवळायचं आणि ७१ अंश झाले की उतरवायचं. ७१ का? साल्मोनेला जंतू त्या तापमानाला तत्काळ मरतात म्हणून. एरवी अंड्यातलं पांढरं साठीच्या पुढे गोठायला लागतं, पण भरपूर साखर आणि हलता हात असेल तर ७१ पर्यंत त्याचं आम्लेट होत नाही. मग ते फेटायचं, गार होऊ द्यायचं आणि त्यात थोडं थोडं बटर घालायचं. परदेशी पुस्तकात ‘गार’ म्हणजे वीस-बावीस अंश, कारण त्यांची खोलीच तेवढी असते. आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्याच्या दुपारी ३६ अंश असतात. मग भांडं तासभर ठेवलं तरी ३६ च्या खाली उतरणार कसं? आणि ३६ ला बटर घातलं की ते फेसात मिसळत नाही, वितळतं. क्लास करून आलेल्या ज्या ज्या मैत्रिणीने ‘माझं पातळ का होतं गं?’ असं विचारलं, तिला मी आधी घरातला पारा विचारते.

बटर घालण्यापूर्वी भांड्यातल्या मेरँगचं तापमान २५ अंशांच्या आसपास हवं आणि बटरचं १८ ते २०. बोटाने दाबलं तर खड्डा पडावा, पण बोटाला चकाकी लागू नये. उन्हाळ्यात बटर फ्रीजमधून काढून तुकडे केले की दहा मिनिटांत या अवस्थेला येतं, तासभर बाहेर ठेवायची गरज नसते. मेरँगचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटावं. याहून सोपी युक्ती म्हणजे पहाटे उठणं. पुण्याचं एक बरं आहे, दिवसा कितीही तापलं तरी एप्रिलमधली पहाट बहुधा वीस-बावीस अंशांवर येते. मुंबईच्या बायकांना ही सोय नाही. ओंकारेश्वराकडून नदीचा वारा येतो म्हणून आमच्या घरात जरा जास्तच बरं वाटतं, असं आमच्या सासूबाई म्हणतात. तो वारा डासही आणतो, हे त्या सांगत नाहीत.

मोजण्यासाठी थर्मामीटर लागतो आणि तो तापाचा चालत नाही. हसू नका, एका ताईंनी तो घालून पाहिला होता. त्याची मजल ४२ पर्यंत. टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो आणला की आधी उकळत्या पाण्यात धरा. ९८ दाखवला तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. थर्मामीटर बरोबर आहे.

हा दोन अंशांचा फरक इटालियन मेरँगमध्ये फार महत्त्वाचा. त्यात अंडं तापवत नाहीत. साखरेचा कडक पाक करून तो फेसात धारेने ओततात. पुस्तकं पाक ११८ अंशांचा घ्यायला सांगतात, पण ती समुद्रसपाटीवरची गोष्ट. पुण्यात तोच पाक ११६ च्या आसपास तयार होतो. आमच्या अहो आई अंड्याला हात लावत नाहीत, पण पाकात त्यांना हरवणारं कुणी नाही. गॅसजवळ वाटीत गार पाणी घेऊन उभ्या राहिल्या, थेंब टाकला, बोटांनी गोळा केला.

“अगं, झाली गोळी. उतरव.”

“आई, अजून ११६ च दाखवतोय.”

“दाखवू दे. उतरव म्हणते ना.”

त्या बरोबर होत्या. गोळीबंद पाक वाटीत ओळखणाऱ्या बाईला शहराची उंची माहीत असावी लागत नाही. पाक पुढे गेला तर फेटणीच्या तारांवर आणि भांड्याच्या कडेला त्याचे कडक धागे जमतात आणि क्रीममध्ये खडे येतात. धार तारांवर पडू देऊ नका, तारा आणि भांड्याची कड यांच्या मधे सोडा.

दोन्हींत मी स्विसच्या बाजूची. इटालियन जास्त घट्ट बसतं, उन्हाळ्यात टिकतंही थोडं जास्त. पण पाक ११६ चा असला तरी थंड फेसात पडल्यावर सगळं मिश्रण ७१ ला पोचलं की नाही, हे वेगळं मोजावं लागतं आणि पुष्कळदा ते पोचत नाही. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं केक खाणार असतील तर डोळ्यांसमोर आकडा दिसणारी स्विसची रीत बरी.

आता मापं. ‘पाच अंडी’ हे माप नाही. आपल्याकडचं अंडं पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं, त्यात पांढरं तीस ग्रॅमच्या आसपास. परदेशी कृतीतलं ‘लार्ज’ अंडं याहून मोठं असतं. वजनानेच घ्या. १५० ग्रॅम पांढरं, २७० ग्रॅम साखर, ४०० ग्रॅम बटर. आठ इंची, तीन थरांच्या केकला आतून-बाहेरून पुरतं. आपली किराणा दुकानातली साखर जाड दाण्याची, तिला विरघळायला वेळ लागतो. मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या, पण तयार आयसिंग शुगर घेऊ नका, तिच्यात कॉर्नफ्लोअर असतं. उतरवण्यापूर्वी मिश्रणाचा थेंब चिमटीत चोळून पाहा. कण लागला तर अजून ढवळा. आणि भांडं प्लॅस्टिकचं नको, त्याच्या ओरखड्यांत तेलाचा अंश राहतो. स्टीलच्या भांड्याला आतून लिंबाची फोड फिरवून कोरडं पुसून घ्यावं. पिवळ्याचा एक ठिपका पडला तरी फेस नीट चढत नाही, म्हणून प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं.

भांड्याचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कसबा पेठेतली तांबट आळी आहे. फ्रान्समधले जुने आचारी अंड्याचा फेस तांब्याच्या भांड्यात करत. १९८४ साली हॅरॉल्ड मॅक्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये त्याचं कारण मांडलं. तांब्याचे कण अंड्यातल्या एका प्रथिनाला धरून ठेवतात आणि फेस फाटत नाही. ते वाचून मलाही मोह झाला. पण त्यासाठी भांडं बिनकल्हईचं लागतं, ते आंबट लावून लखलखीत घासावं लागतं आणि वापरल्यावर लगेच धुवावं लागतं. चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर किंवा लिंबाचे चार थेंब स्टीलच्या भांड्यात तेवढंच काम करतात. तांब्याचं भांडं हौसेसाठी घ्या, धंद्यासाठी नको.

बटरबद्दल मात्र काटकसर करू नका. नेहमीचं पिवळं अमूल बटर खारट असतं आणि रंगही पिवळा. क्रीम खारट-पिवळं होतं आणि त्यावर निळा रंग घातला तर हिरवा येतो. मीठविरहित पांढरं बटर घ्या. घरचं लोणी चालेल का, हे सगळ्याच विचारतात. नाही चालत. त्यात ताक आणि पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो, क्रीमला पाणी सुटतं. बटर घेताना पाकीट हातात धरून पाहा. कोपरे बसलेले, कागद तेलकट, कापल्यावर आत रवाळ कण आणि पाण्याचे थेंब, असं असेल तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आहे. वीज वाचवायला रात्री फ्रीजरचं बटण बंद करणारी दुकानं असतात. मला असं बटर एका ऐन लग्नसराईत मिळालं. कितीही फेटलं तरी क्रीमला अंग येईना आणि दुकानदार म्हणाले, “ताई, कंपनीकडूनच असं येतं.” तेव्हापासून मी बटर अशा दुकानातून घेते जिथे फ्रीजर दिवसरात्र गुरगुरत असतो.

बटर घालून झालं की एका टप्प्यावर क्रीम फुटल्यासारखं दिसतं, नासलेल्या दुधागत दाणेदार. नव्या मुली तिथेच घाबरून टाकून देतात. टाकू नका. दोन प्रकार ओळखायला शिका. दाणेदार आणि गार असेल तर फेटत राहा, दोन-तीन मिनिटांत एकजीव होतं. नाहीच झालं तर त्यातले चार चमचे काढून वितळवा आणि फेटता फेटता परत ओता. उलट पातळ, चकचकीत आणि कोमट असेल तर कितीही फेटून उपयोग नाही. सगळं भांडं फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेवा आणि मग फेटा. दोन्ही वेळी कारण तापमानच असतं, एकदा कमी, एकदा जास्त. शेवटी मिक्सर मंद करून मिनिटभर फिरवा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात आणि केकला गुळगुळीत कड येते.

गुरुवारी सकाळी हे काम काढू नका. देखभालीसाठी वीज जाते ती पुण्यात बहुधा गुरुवारीच. ७१ ला तापवलेलं मेरँग अर्धवट फेटून ठेवलं की बसतं.

उन्हाळ्याला आंबा आलाच. हापूसचा रस तसाच घातला तर क्रीम फुटतं, कारण त्यात पाणी फार. रस आधी मंद आचेवर आटवून निम्मा करा, पूर्ण गार करा आणि वरच्या मापाला शंभर ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. केशर कोमट दुधाच्या एका चमच्यात खलून घाला. रंग तेलातले किंवा जेलचे वापरा.

काही जणी बटरचा काही भाग काढून व्हेजिटेबल शॉर्टनिंग घालतात. ते बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळतं. एक चतुर्थांशापर्यंत ठीक, त्यापुढे टाळूला मेणाचा थर बसतो. गिऱ्हाइकाला ते सांगता येत नाही, पण पुढच्या वेळी ते येत नाही.

केक नेतानाही तापमानाचंच भान हवं. फ्रीजमध्ये चार-पाच तास घट्ट झालेला केक खोक्यात घालून, एसी लावलेल्या गाडीने, पायापाशी ठेवून न्यावा. मांडीवर नको, मांडीची ऊब लागते. अप्पा बळवंत चौकातून पावसाळ्यापूर्वी संध्याकाळी जायचं असेल तर पोचायला जेवढा वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट धरा. मांडण्याची वेळ कापण्याच्या अर्धा तास आधीची, हे लेखी कळवा. मी आता ऑर्डरच्या चिठ्ठीवर एक ओळ छापूनच घेतली आहे: केक २५ अंशांच्या खालच्या खोलीत ठेवावा. व्यवस्थापकांना तो आकडा दाखवला की एसी लागतो.

आता पेठेतला खरा प्रश्न: अंडं. भारतभर अंड्याचे रोजचे भाव जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, १९८२ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. पण आमच्या इमारतीत अंड्याचा खोका आणायचा तर पिशवीत झाकून. माझा अंड्याचा गॅस आणि भांडी मागच्या गॅलरीत आहेत आणि तिथून आत काही येत नाही, हा घरातला करार. गिऱ्हाइकांचंही तसंच. कुणी केकमध्ये अंडं खातं पण गुरुवारी नाही, कुणी श्रावणात नाही, कुणाच्या आजी अजिबात नाही. बिनअंड्याचा केक मागितला की आतला स्पंज बिनअंड्याचा करून वर मेरँगचं क्रीम लावणारे लोक आहेत. असं करू नये. अंड्याचं क्रीम म्हणजे अंड्याचाच केक. खोक्यावर तपकिरी त्रिकोण येतो, हिरवा ठिपका नाही. आणि घरून विकत असलात तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते.

अंडं न खाणाऱ्यांसाठी वाटा आहेत. पुण्याच्याच प्राची धबल देब यांनी बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलची शंभर किलोची प्रतिकृती केली आणि २०२२ मध्ये तिची विक्रमात नोंद झाली. ते आयसिंग वाळून कडक होतं, उन्हाने वितळत नाही. पण ते नक्षीसाठी, केकवर जाड थर देऊन खाण्यासाठी नाही. दुसरी वाट छोल्याच्या पाण्याची. २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी कडधान्यांच्या पाण्याचा अंड्यासारखा फेस होतो हे दाखवलं. छोले मीठ आणि सोडा न घालता शिजवायचे, पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट करायचं. फेस येतो, छान येतो. पण उष्णतेने ते अंड्यासारखं बसत नाही आणि किंचित वास उरतो. मला ते आवडलेलं नाही.

मी सुचवेन ती तिसरी वाट, दूध आणि मैद्याची. पाव लिटर दुधात २०० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम मैदा कालवून, गाळून, मंद आचेवर पळीला थर धरेल इतकं घट्ट शिजवा. वरून चिकटून कागद लावून पूर्ण गार करा, नाहीतर साय धरते. मग २५० ग्रॅम मऊ बटर आधी पांढरं होईस्तोवर फेटून त्यात हे चमचा-चमचा घाला. चवीला मेरँगच्या क्रीमच्या अगदी जवळ जातं, गोडीला कमी. उन्हात तेही वितळतं, बटर आहे ना. पण हिरवा ठिपका लावता येतो आणि अहो आई ते चाखून पाहतात.

राहता राहिले मेरँगमधून उरलेले पाच पिवळे बलक. ते सिंकमध्ये जातात हे मला बघवत नाही. वाटीत घालून वरून थेंबभर पाणी शिंपडून झाकले तर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. लिंबाचा रस, साखर आणि थोडं बटर घालून त्यांचं लेमन कर्ड शिजवा आणि त्याच केकच्या थरांत भरा. गोड क्रीमला ते आंबट छान लागतं. त्याचे पैसे मात्र वेगळे लावा.